दहिसर नदी : उगमापासून खाडीपर्यंत



आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. वाटेवरच्या नद्या वारकऱ्याला तोंडपाठ असतात. भीमा भीमाशंकराला उगम पावते आणि पंढरीत चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिथं ती चंद्रभागा. लोणावळ्याकडून येणारी इंद्रायणी आळंदीवरून जाऊन तुळापूरला भीमेला मिळते. पण जिच्या काठाला आम्ही राहतो तिचं नाव विचारलं तर पोरं म्हणतात, "तो नाला ना?" आम्ही चौथी शिकलेले शेतकरी, जेवढं माहीत तेवढं लिहून ठेवतो.

ही दहिसर नदी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावाच्या बाजूला तिचा उगम. इंग्रजांनी मुंबईला पाणी पुरवायला बांधलेला हा तलाव १८७९ साली पुरा झाला. उगमालाच तुळशीचं नाव, वारकऱ्याला याहून काय पाहिजे? तिथंच कान्हेरीचा डोंगर आहे. दोन हजार वर्षांमागं भिक्षूंनी तिथं लेणी कोरली आणि लेण्यांपाशी पावसाचं पाणी साठवायला दगडात टाकी खोदली. पाण्याची किंमत त्यांना कळली होती.

जंगलात नदी खडकावरून उड्या घेत येते. पावसाळ्यात तिचं रूप बघत राहावं असं. तिथून श्रीकृष्णनगर, मग हमरस्ता ओलांडून दौलतनगर, रेल्वेखालून पश्चिमेला, दहिसर गावठाण, कांदरपाडा आणि शेवटी मनोरीची खाडी. सगळी वाट बारा किलोमीटरच्या आसपास. आमच्या लहानपणी काठावर भात व्हायचा, पाऊस सरला की भाजीचे वाफे. बाया पाण्यात कपडे धूत आणि गुरं तिथंच पाणी पीत.

मग वस्ती वाढली. गटारं, तबेल्याचं शेण, कचरा, सगळं तिच्यात. पात्र आवळत गेलं. २६ जुलै २००५ ला, आषाढी नुकतीच झाली होती, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. मिठीला पूर आला तसा आमच्या नदीलाही आला, घरं बुडाली. भरती असली की खाडी पाणी घेत नाही. मग पाणी माघारी फिरतं आणि जुनी जागा शोधतं. नदी जागा विसरत नाही, आपण विसरतो. पुढं दोन्ही काठांना भिंती बांधल्या. त्यानं पाणी आवरेल, पण स्वच्छ कसं होईल?

सह्याद्रीच्या पूर्वेला पडलेला पाऊस भीमेतून पंढरीला जातो, आमचा खाडीला जातो. पाऊस तोच आहे. चंद्रभागेत स्नान करून आलेल्या हातानं निर्माल्याची पिशवी या नदीत टाकू नये, एवढं आमचं मागणं आहे. निर्माल्य झाडाच्या बुडात घालावं. आणि पोरांनी विचारलं, तर नाला म्हणू नये. दहिसर नदी म्हणावं.