सैनिक कुटुंबांतील बालसंरक्षण : दिंद्रुड (ता. माजलगाव, जि. बीड)

सैन्यदलांत नोकरीस असलेल्या, निवृत्त झालेल्या किंवा वीरमरण आलेल्या व्यक्तींच्या मुलांची सुरक्षितता, सांभाळ व शिक्षण यांसंबंधीची व्यवस्था. भारतात सैनिकांच्या मुलांसाठी वेगळी बालसंरक्षण यंत्रणा नाही. दिंद्रुडचा जवान लडाखला असला, तरी गावी आजी-आजोबांपाशी वाढणारे त्याचे मूल बाल न्याय अधिनियम, 2015 च्याच कक्षेत येते. तक्रार दिंद्रुड पोलीस ठाण्यातील बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे किंवा 1098 वर करता येते. मूल ताब्यात घेतल्यावर प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत त्याला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. अध्यक्ष व चार सदस्यांच्या या समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात.

अमेरिकेत लष्कराचा स्वतःचा कुटुंब-साहाय्य विभाग आहे. त्यामुळे प्रकरण छावणीच्या कुंपणाआड राहण्याचा धोका तिथे अधिक. 2005 मध्ये हवाई बेटांवरील लष्करी निवासस्थानात पाच वर्षांच्या तालिया विल्यम्सचा छळ होऊन मृत्यू झाला. तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 2016 च्या कायद्याने अशा संशयाची माहिती राज्याच्या बालसंरक्षण विभागाला थेट देणे लष्करातील संबंधितांवर बंधनकारक केले. भारतात लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देण्याचे बंधन पॉक्सो अधिनियम, 2012 च्या कलम 19 ने सर्वांवरच घातले आहे. गणवेश त्याला अपवाद नाही.

गावपातळीवर वाद बहुधा पैशाचा किंवा ताब्याचा असतो. नवरा घरी पैसे पाठवीत नसेल, तर जवानाच्या पत्नीला कोर्टाचा हुकूम मिळूनही अडचण येते, कारण सैन्य अधिनियम, 1950 च्या कलम 28 नुसार दिवाणी कोर्टाच्या हुकमाने जवानाचा पगार जप्त होत नाही. मात्र त्याच अधिनियमाने पत्नी व मुलांच्या पोटगीसाठी पगारातून कपात करण्याची सोय ठेवली आहे. त्यासाठी अर्ज पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरकडे करायचा असतो. तहसील कार्यालयात खेटे घालणाऱ्या बाईला हे कोणी सांगेलच असे नाही. जवान गेल्यानंतर सासर-माहेरची ओढाताण सुरू होते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 प्रमाणे वडिलांच्या मागे आई ही नैसर्गिक पालक. आजोबांना ताबा हवा असेल, तर जिल्हा न्यायालयात जावे लागते, आणि तिथे कुटुंबाच्या इभ्रतीपेक्षा मुलाचे हित पाहिले जाते.

मदतीची बाजू जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे असते. त्याचा बालकल्याण समितीशी रोजचा संबंध नाही, हा या व्यवस्थेचा खरा कच्चा दुवा म्हणावा लागेल. राज्यात सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहे आहेत. 1961 मध्ये साताऱ्यात देशातील पहिली सैनिक शाळा सुरू झाली. हवालदार पदापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना केंद्रीय सैनिक मंडळाचे शैक्षणिक अनुदान मिळते. 2025 मध्ये ते दरमहा प्रत्येकी 1,000 रुपयांवरून 2,000 रुपये करण्यात आले.