मूल्यमापन कुणाच्या मापाने?

समाजाची प्रगती त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, हा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या दलित महिला परिषदेत मांडला. माप त्यांनी आमच्या हाती दिले होते. स्त्रियांवरील अत्याचार रोखण्यासाठी शासनाने ज्या योजना आखल्या, त्यांचे मूल्यमापन मात्र निराळ्याच मापाने होत आले. शिबिरे किती भरली, बाया किती हजर होत्या, पैसा किती खर्च झाला! ह्या हिशेबाचा पोकळपणा ओळखायचा तर राजस्थानातील भँवरीदेवीचा इतिहास तपासावा लागेल, असे मला वाटते.

राजस्थान सरकारने १९८४ साली महिला विकास कार्यक्रम सुरू केला. गावातलीच बाई निवडायची, तिला शिकवून तयार करायचे, आणि तिने ‘साथिन’ म्हणून गाव जागे करायचे, अशी ही योजना. भटेरी गावची, कुंभार जातीची भँवरीदेवी तुटपुंज्या मानधनावर साथिन झाली. १९९२ साली सरकारने बालविवाहाविरुद्ध मोहीम उघडली आणि साथिनींना पुढे केले. गावातील एका गुज्जर कुटुंबात वर्षाचीही न झालेल्या मुलीचे लग्न ठरले होते. भँवरीने विरोध केला. पोलीस येऊन गेले, तरी लग्न लागलेच. बहिष्कार मात्र भँवरीच्या घरावर पडला. तिची मडकी कुणी घेईना. २२ सप्टेंबर १९९२ रोजी शेतात, नवऱ्यासमोर, पाच जणांनी आपल्यावर अत्याचार केला, अशी तिची फिर्याद आहे. वैद्यकीय तपासणीला दोन दिवसांहून अधिक उशीर झाला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईवर असा अत्याचार करणार नाहीत, हा तर्क त्या निकालात होता. विटाळ मानणारे हात अत्याचार करताना विटाळ पाळत नाहीत, हे आमच्या वस्त्यांना कुणी शिकवायला नको.

आता ह्या योजनेचे मूल्यमापन कसे करायचे? कागदावर साथिन नेमली गेली, मोहीम पार पडली. म्हणजे योजना यशस्वी! पण जातीच्या उतरंडीला धक्का द्यायला जिला पुढे केले, तिच्यामागे उभे राहण्याची तरतूद योजनेत होती काय? काम सांगताना ती सरकारची होती. मार खाताना ती एकटी होती.

महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यातून १९९७ चा ‘विशाखा’ निर्णय आला, आणि पुढे २०१३ चा कायदा. विशाखा निर्णयाने मानधनावर व स्वेच्छेने काम करणाऱ्या स्त्रियांनाही संरक्षण दिले. महाराष्ट्राचाही इतिहास असाच आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा ह्या आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिले. त्यावरच्या संतापातून १९८३ ची कायदादुरुस्ती झाली. तळच्या बायांच्या दुःखातून कायदे जन्मले; न्याय मात्र त्यांच्या पदरात पडला नाही.

२०१३ च्या कायद्याने कार्यालयांत तक्रार समित्या आणल्या, घरकाम करणाऱ्या बाईसाठी जिल्ह्याला स्थानिक समिती आणली. वर्षाकाठी किती तक्रारी आल्या, हे अहवालात लिहावे लागते. तिथे ‘शून्य’ लिहिले की साहेब खूष! मला त्या शून्याची भीती वाटते. त्याचा अर्थ अत्याचार नाही असाही होईल, आणि बोलायची सोय नाही असाही होईल. तक्रारी वाढल्या तर तो कधी विश्वास वाढल्याचा पुरावा असतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी अहवाल हाती घेतला की आपले प्रश्न विचारावेत. तक्रार करणारी बाई कोणत्या जातीची होती? तपासणी किती तासांत झाली? तक्रारीनंतर तिचे काम, तिचे पाणी, तिचा किराणा चालू राहिला काय? आणि सहा महिन्यांनी ती त्याच गावात ताठ मानेने राहत होती काय? ह्या प्रश्नांना ज्या अहवालात रकाना नाही, तो अहवाल योजनेचा असेल, बाईचा नाही.