वाचला त्याला देवाने वाचवले, मग मेले त्यांचे काय?

संकटात श्रद्धाच माणसाला तारते, हे वाक्य आपल्याकडे इतके गुळगुळीत झाले आहे की त्याची चिकित्सा करावी असे कोणाला वाटतच नाही. हिटलरच्या छळछावण्यांतून जिवंत परतलेल्यांची पुस्तकेही हल्ली याच वाक्याचा पुरावा म्हणून पुढे केली जातात. प्रेरणादायी व्याख्याने देणारे वक्ते व्हिक्टर फ्रांकलचे नाव घेतात आणि टाळ्या मिळवतात. ज्यांचे मन खंबीर होते आणि श्रद्धा अढळ होती तेच वाचले, अशी समजूत करून घेऊन श्रोते घरी जातात.

मित्रांनो, फ्रांकल वाचला हे खरे. पण त्याचे वडील थेरेसिएनश्टाटमध्ये मेले, आईला ऑश्विट्झमध्ये मारले, भाऊ गेला, तरुण बायको टिली बर्गन-बेल्सनमध्ये गेली. या चौघांची श्रद्धा काय कमी पडली? वक्ते हा प्रश्न विचारत नाहीत. आम्ही तो विचारणार आहोत, कारण ही पुस्तके नीट वाचली तर ती स्वतःच तो विचारतात.

नाझींनी सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. मारताना कोण आस्तिक, कोण नास्तिक, कोण धर्म सोडलेला, हे त्यांनी पाहिले नाही. जन्म पाहिला. इटलीतला रसायनतज्ज्ञ प्रिमो लेव्ही ज्या गाडीतून फेब्रुवारी १९४४ मध्ये ऑश्विट्झला पोहोचला, तिच्यात ६५० माणसे होती. त्यांतले ९६ पुरुष आणि २९ स्त्रिया कामासाठी छावणीत घेतल्या गेल्या. बाकीचे पाचशेहून अधिक लोक दोन दिवसांत संपवले गेले. त्यांच्यात प्रार्थना करणारे होते, लहान लेकरेही होती.

मग जे वाचले ते कशाने वाचले? एली वीझेल हा सिगेत गावचा कट्टर धार्मिक घरातला मुलगा. मे १९४४ मध्ये तो ऑश्विट्झला उतरला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. रांगेत एका अनोळखी कैद्याने त्याला वय अठरा सांगायला लावले. व्हिएन्नाची रूथ क्ल्यूगर तेव्हा बारा वर्षांची होती. निवडीच्या वेळी नोंदी करणाऱ्या एका तरुण कैदी बाईने तिला पंधरा सांग म्हणून कुजबुजत सुचवले. दोघेही जगले ते एका खोट्या आकड्यावर, आणि तो आकडा सांगणाऱ्या परक्या माणसावर. एलीची आई आणि धाकटी बहीण मात्र त्याच रात्री कायमच्या दिसेनाशा झाल्या.

जानेवारी १९४५ मधली गोष्ट तर याहून बोलकी आहे. लेव्ही आणि वीझेल दोघेही तेव्हा ऑश्विट्झच्या मोनोविट्झ छावणीत होते, आणि दोघेही छावणीच्या दवाखान्यात पडून होते. रशियन फौजा जवळ आल्या तसे नाझींनी कैद्यांना पायी हाकलायला सुरुवात केली. लेव्ही तापाने फणफणलेला होता, तो मागेच राहिला. २७ जानेवारीला तो मुक्त झाला. एलीच्या पायाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. मागे राहिलेल्यांना ठार मारतील या भीतीने तो आणि त्याचे वडील बर्फातून चालत निघाले. वडील बुखेनवाल्डमध्ये मेले. दवाखान्यात राहिलेले सुटले, हे एलीला युद्धानंतर कळले. सांगा, यात श्रद्धेचा निकाल कुठे लागला? आजारपण एकाला तारून गेले आणि सावधगिरी दुसऱ्याच्या बापाला घेऊन गेली.

लेव्हीच्या १९४७ च्या पुस्तकात एक प्रसंग आहे. गॅस चेंबरसाठी कैद्यांची निवड झालेली आहे. आपण वाचलो म्हणून एक म्हातारा कैदी मोठ्याने देवाचे आभार मानतो आहे. शेजारच्याच फळीवर वीस वर्षांचा एक तरुण पडून आहे, त्याचे नाव यादीत आलेले आहे आणि त्याला ते माहीत आहे. लेव्हीला म्हाताऱ्याची चीड येते. ही चीड आपण समजून घेतली पाहिजे. देवाने मला वाचवले असे म्हणताना शेजारच्याला देवाने सोडून दिले, हेही आपण म्हणत असतो. आभाराच्या पोटात आरोप दडलेला असतो.

हा आरोप काहींनी उघडपणेही केला. सातमारचे रब्बी योएल टायटेलबाउम १९४४ मध्ये हंगेरीतून, वाटाघाटी करून सोडवलेल्या सुमारे १,७०० ज्यूंच्या गाडीतून सुटले. युद्धानंतर त्यांनी मांडले की हा संहार म्हणजे झायोनवादाच्या पापाची शिक्षा आहे. ती गाडी मिळवून देणारा रुडॉल्फ कास्टनर स्वतः झायोनवादी होता! अनेक ज्यूंनी हे स्पष्टीकरण धुडकावले. पण ही भाषा आपल्या ओळखीची नाही काय? ज्याच्यावर अन्याय झाला त्याचेच काही पाप असणार, ही कर्मसिद्धांताचीच भाषा आहे. देश बदलतो, धर्म बदलतो, युक्तिवाद तोच राहतो. गुन्हेगार बाजूला सुटतो आणि बळी आरोपी ठरतो.

वीझेल या भाषेला शरण गेला नाही. नववर्षाच्या प्रार्थनेला हजारो कैदी जमले तेव्हा तो आतून बंड करून उठला. १९७९ मध्ये त्याने देवावर खटला चालवणारे नाटक लिहिले. त्याने देवाशी नाते तोडले नाही, पण देवाची वकिलीही केली नाही. लेव्ही आधीही नास्तिक होता आणि नंतरही. ऑक्टोबर १९४४ च्या निवडीपूर्वी क्षणभर प्रार्थनेचा मोह झाला, पण ऐनवेळी नियम बदलायचे नाहीत म्हणून तो आवरला, हे त्याने १९८६ च्या पुस्तकात सांगितले. एक आस्तिक, एक नास्तिक. प्रामाणिकपणात दोघे सारखे.

आता कुटुंब. संकटात रक्ताची नाती घट्ट होतात, हेही असेच एक गुळगुळीत वाक्य. त्या पायपिटीत आपल्या थकलेल्या बापाला मागे टाकून पुढे गेलेला मुलगा वीझेलने पाहिला आणि आपण तसे होऊ नये म्हणून तो हादरला. तरीही बाप शेवटच्या रात्री हाक मारत असताना आपण जागचे हललो नाही, हे त्याने लिहून ठेवले. त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. दोष त्या व्यवस्थेचा, जिने भाकरीच्या तुकड्यासाठी बाप-लेकात भिंत उभी केली.

क्ल्यूगर आणखी पुढे जाते. ती आणि तिची आई दोघी वाचल्या, पण म्हणून तिने मायलेकींच्या प्रेमाची आरती ओवाळली नाही. आईशी असलेले तिचे कडवट, गुंतागुंतीचे नाते तिने जसेच्या तसे मांडले. तिच्या वडिलांना नाझींनी मारले. मेलेल्या बापासाठी म्हणायची कादिश ही प्रार्थना परंपरेने मुलाने म्हणायची, मुलीने नाही. ज्या धर्मात जन्मल्याबद्दल तिला मारायला निघाले होते, त्याच धर्माने बापासाठी शोक करण्याचा हक्क तिला नाकारला. तिने हे सुनावले. बाहेरच्या शत्रूशी लढताना घरातल्या विषमतेवर मौन पाळा, असे सांगणाऱ्यांनी तिला वाचावे.

मग श्रद्धेला काही मोलच नाही काय? आहे. हॉलंडमधल्या हार्लेमचे टेन बूम हे घड्याळजींचे ख्रिस्ती कुटुंब. शतकानुशतके चर्चने ज्यूद्वेष पेरला होता, पण या कुटुंबाने त्याच बायबलातून ज्यूंसाठी दार उघडण्याची शिकवण घेतली. २८ फेब्रुवारी १९४४ ला धाड पडली. ८४ वर्षांचे वडील दहा दिवसांत कैदेत मेले, बेट्सी रावेन्सब्रुकमध्ये मेली, कोरी परतली. खोट्या भिंतीआड लपलेली सहा माणसे मात्र पोलिसांना सापडली नाहीत. आपल्या सुटकेत कोरीने देवाचा हात पाहिला. तिथे आम्ही तिच्याशी सहमत नाही. पण त्या भिंतीआडच्या सहा जणांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. श्रद्धेने त्या घराला वाचवले नाही, त्या घराने माणसे वाचवली. लॉरेन्झो हा फारसा न शिकलेला इटालियन गवंडी सहा महिने रोज लेव्हीला जेवण आणून देत राहिला. लेव्हीने आपल्या दोन्ही मुलांच्या नावांत त्याचे नाव जपले.

बाबासाहेबांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच नाझींचा ज्यूद्वेष आणि अस्पृश्यांविषयीचा सनातनीपणा यांतले साम्य दाखवून दिले होते. दोन दुःखांची मापे काढण्यासाठी नव्हे, दोन्हींमागची जन्माधारित विचारसरणी ओळखता यावी म्हणून. ज्या फुटपाथवर हिटलरचे आत्मचरित्र मराठीत राजरोस विकले जाते, तिथे आपल्या तरुणांनी लेव्ही, वीझेल आणि क्ल्यूगर मागायला हवेत. मिळत नसतील तर भाषांतरे करायला हवीत, अभ्यासवर्गात वाचायला हवीत.

आणि वाचताना एक कसोटी हाताशी ठेवावी. एखाद्याची श्रद्धा त्याला काय मिळवून देते हे विचारू नका. त्या श्रद्धेने त्याचे दार कोणासाठी उघडले, एवढेच विचारा.