घरघर कुठली आहे?

दिवाळीला नातू पुण्याहून भाट्याला आला तो गिटार आणि एक जडशीळ खोका घेऊन. खोका म्हणजे गिटारचा ॲम्प्लिफायर, तोही व्हॉल्व्हचा. कुणाकडून तरी जुना विकत घेतलेला. बटण दाबले, मिनिटभराने आतल्या काचेच्या नळ्या नारिंगी उजळल्या आणि गिटारला हात लागण्याआधीच स्पीकरमधून घरघर सुरू झाली. नातू म्हणाला, "आजोबा, वायर सैल असेल." मला मात्र तो आवाज ओळखीचा वाटला. पंचेचाळीसहून अधिक वर्षांनी ऐकत होतो.

आजच्या मुलांना व्हॉल्व्ह म्हणजे नळाचा किंवा सायकलचा ठाऊक. आमच्या लहानपणी तो रेडिओत असे. इंग्लंडमध्ये फ्लेमिंग यांनी १९०४ साली पहिला व्हॉल्व्ह केला. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात एक जाळी बसवली आणि क्षीण आवाज मोठा करण्याची वाट सापडली. मुंबईत १९२३ मध्ये हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबने प्रक्षेपण केले, १९२७ च्या जुलैत रीतसर केंद्र सुरू झाले, तेही व्हॉल्व्हच्या जोरावरच. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून असे व्हॉल्व्ह बनू लागले. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ चा, पण तो आमच्याकडच्या घराघरांत पोचायला पुष्कळ वर्षे गेली. रत्नागिरीला आकाशवाणी केंद्र आले १९७७ साली, तेव्हाही बऱ्याच घरांत फळीवर विणलेल्या रुमालाखाली व्हॉल्व्हचा रेडिओ होता.

गंमत अशी की गिटारचा ॲम्प्लिफायर हे रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाचेच अपत्य. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात १९३८ च्या सुमारास रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. वादक मंडळी आपली यंत्रे तिथे आणू लागली, आणि त्यातून पुढे जगभर गाजलेले ॲम्प्लिफायर झाले. लंडनच्या जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये फेंडरच्याच एका ॲम्प्लिफायरवरून आपला पहिला बेतला. आमच्या गावच्या लाउडस्पीकरचा खोका आणि त्या विलायती गिटारवाल्यांचा खोका, आतून भाऊभाऊच.

आता ती जुनी गोष्ट. साल १९७८. मी ज्या शाळेत होतो तिथे व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि दोन कर्णे होते. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी आणि स्नेहसंमेलन एवढ्यासाठीच कपाटातून बाहेर निघत. माईकची जोडणी आठवीतला एक मुलगा करी, हुशार आणि हौशी. त्या वर्षी संमेलनाच्या संध्याकाळी मशीन सुरू केले आणि घरघर अशी की स्वागतगीत ऐकूच येईना. मी सगळ्यांदेखत त्या मुलावर ओरडलो, "कशाला हात लावलास?" तो नाही नाही म्हणत होता. मी त्याला रंगमंचावरून खाली घालवले.

दुसऱ्या दिवशी मशीन रत्नागिरीत एका रेडिओवाल्या काकांकडे नेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मास्तर, आवाजाचं बटण शून्यावर नेलं तरी घरघर राहते का?" मी पाहिलेच नव्हते. त्यांनी बटण फिरवले, घरघर तशीच. म्हणाले, "म्हणजे माईक आणि त्याची वायर सुटली. दोष बटणाच्या पुढे आहे." मग त्यांनी पहिला व्हॉल्व्ह काढून घेतला, तरी घरघर कायम. त्याही पुढे आलो. असे एकेक खोली बंद करीत चोर कोपऱ्यात गाठावा तसे ते विजेच्या पुरवठ्याशी पोचले. तिथला कंडेन्सर उष्णतेने आणि वयाने आतून सुकला होता. उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेची केली तरी तिच्यात लाटा उरतात. त्या सपाट करायचे काम कंडेन्सरचे. तो सुकला की लाटा थेट कर्ण्यात येतात.

बंद केलेल्या मशीनलाही ते लगेच हात लावत नसत. आत तीनचारशे व्होल्ट असतात आणि कंडेन्सर ते धरून ठेवतो. आधी रेझिस्टर लावून तो रिकामा करायचा, मीटरने खात्री करायची, मग हात घालायचा. डाग देता देता ते सहज म्हणाले, "पोराला विचारायच्या आधी मशीनला विचारायचं, मास्तर."

मी त्या मुलाला गाठून सांगितले की चूक तुझी नव्हती. पण सांगितले कुठे, तर मधल्या सुट्टीत व्हरांड्यात, एकट्याला. ओरडलो होतो चारचौघांत. त्याने "बरं सर" म्हटले, पण पुढच्या कार्यक्रमाला माईकपाशी आला नाही. हा हिशेब माझ्याकडून चुकता झालेला नाही.

पुढे वर्गात गणित चुकले की मी मुलाला फळ्यापाशी उभा करून विचारू लागलो, "कुठपर्यंत बरोबर आहे?" ही पद्धत मला डीएडच्या किंवा बीएडच्या पुस्तकात नाही, त्या दुकानात मिळाली. अशा दुकानदारांचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. ट्रान्झिस्टर आले, मग एका चकतीवर सगळे मावले, आणि दुरुस्त करण्यापेक्षा बदलणे स्वस्त झाले. भाट्याच्या खाऱ्या वाऱ्यात तर वस्तू लवकरच गंजते आणि भंगारात जाते. दोष शोधण्याची ती शिस्त मात्र भंगारात जायला नको होती.

असो. नातवाला म्हटले, "झाकण उघडू नकोस. आधी आवाज शून्यावर ने." घरघर राहिली. व्हॉल्व्ह हाताळलेला माणूस रत्नागिरीत शोधण्यात आमचे दोन दिवस गेले, पण सापडला. कंडेन्सरच होते. भाऊबीजेला नातवाने अंगणात गिटार वाजवली. मला त्या संगीतातले फारसे कळत नाही. दोन सुरांच्या मधली शांतता तेवढी मी लक्ष देऊन ऐकली.