‘राव’ शब्दाची वंशावळ

सातारा म्हणजे ‘सात तारा’ आणि सांगली म्हणजे ‘सहा गल्ल्या’, अशा व्युत्पत्ति त्या त्या गांवीं कोणीही सांगतो. त्यांचा आम्हांस कंटाळा आला आहे. येथें एका लहान, परंतु कागदपत्रांच्या परीक्षेस फार उपयोगी पडणाऱ्या शब्दाचा विचार करावयाचा आहे.

संस्कृत ‘राजन्’ शब्दांतील जकार माहाराष्ट्री प्राकृतांत लोपून ‘राआ’ झालें. अपभ्रंशांत प्रथमेचा उकार लागून ‘राउ’, व त्यावरून मराठी ‘राव’. जैन ग्रंथांच्या प्राकृतांत त्याच फटींत यकार शिरला, तो ‘राया’. ‘राय’ त्याच शाखेचा. ‘पाद’ शब्दापासून ‘पाय’ व ‘पाव’ निघाले तसेंच हें. ‘राजकुला’चें ‘राऊळ’ झालें तेंही याच वाटेनें. ‘राजा’ मात्र मराठीनें संस्कृतांतून पुन्हां उचलला, म्हणून त्याचा जकार शाबूत आहे.

गॉथिक ‘रीक्स’ व जर्मन ‘राइख’ हे शब्द याच मूळ कुळांतले. पण जर्मन कुळांत तेथें ईकार येण्याचें कारण नव्हतें. लॅटिन ‘रेक्स’मधल्या एकाराचा ईकार करणें ही केल्टिक भाषांची खोड. अर्थात् जर्मनांनीं तो शब्द शेजाऱ्यांकडून घेतला. आमच्याकडे कानडीनें ‘राय’ घेतला तो असाच. विजयनगरचा कृष्णदेवराय (१५०९–१५२९) सर्वांस ठाऊक आहे. मराठीचा ‘राव’ मात्र घरचा.

आतां व्यवहार पाहूं. साताऱ्याच्या गादीवर शाहू, रामराजा, प्रतापसिंह झाले. ‘राव’ एकही नाहीं. जो राजा त्यास ‘राव’ नको. तो मान सरदाराचा. जावळीच्या मोऱ्यांचा ‘चंद्रराव’ हा किताब घराण्यांत चालत आलेला, म्हणून १६५६ पूर्वीच्या कागदांतले सगळे चंद्रराव एकच पुरुष समजूं नयेत. भोसऱ्याचा कुडतोजी गुजर ‘प्रतापराव’ झाला व मूळ नांव मागें पडलें. तो फेब्रुवारी १६७४ मध्यें नेसरीस पडल्यावर तळबीडचे हंसाजी मोहिते ‘हंबीरराव’ झाले. सांगलीकडे पटवर्धनांचे मूळ पुरुष हरभट. नातू गोपाळराव, पणतू चिंतामणराव. भटाचा राव होण्यास दोन पिढ्या पुरल्या, त्याही तलवारीच्या जोरावर.

तेव्हां १६७४ पूर्वीची मिति असलेल्या कागदांत मोहित्यांस ‘हंबीरराव’ म्हटलेलें आढळलें, तर तो कागद मागाहून केलेली नक्कल तरी असावा, नाहीं तर बनावट. संग्राहकांनीं मोल देण्यापूर्वीं एवढें पाहावें.