रजोनिवृत्ती : औषध आधी, टप्पे नंतर

आपल्या घरांत 'पाळी गेली' एवढ्या दोन शब्दांत हा विषय संपतो. इथे अमिरातीत अरबीत या वयाला 'सिन्न अल्-यास' म्हणतात. शब्दशः अर्थ, निराशेचे वय. आपला 'रजोनिवृत्ती' हा शब्द त्या मानाने सौम्य. मी 'डॉक्टर' आहे ती अभियांत्रिकीची, तेव्हा औषध सुचवण्याचा मला अधिकार नाही. पण पंचेचाळिशी ओलांडल्यावर या विषयाचा इतिहास वाचला, तो वाचकांपुढे ठेवते.

सुश्रुतसंहितेत पाळीचा काळ बारा ते पन्नास वर्षे असा सांगितला आहे. 'मेनोपॉज' हे नाव फ्रेंच वैद्य गार्दान यांनी १८२१ मध्ये दिले. १९४२ साली अमेरिकेत गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेल्या इस्ट्रोजेनला परवानगी मिळाली. १९६६ मध्ये डॉ. रॉबर्ट विल्सन यांनी पुस्तक लिहून रजोनिवृत्तीला अभावाचा रोगच ठरवले. १९७५ मध्ये नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो असे दिसले. २००२ मध्ये तर सोळा हजारांवर स्त्रियांवरील संयुक्त हार्मोनचा प्रयोग मध्येच थांबवला गेला. त्या स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते. साठीच्या आत, पाळी गेल्यावर दहा वर्षांत उपचार सुरू केल्यास फायद्या-तोट्याचे गणित वेगळे असते, हे पुढे स्पष्ट झाले.

आणि टप्पे? ते तज्ज्ञांनी एकत्र बसून आखले २००१ मध्ये! शेवटची पाळी म्हणजे शून्य. त्याआधीचे टप्पे उणे, नंतरचे अधिक. गंमत अशी, की शून्य येऊन गेल्याचे बारा महिने पाळी न आल्यावरच कळते. उणे बाजूला पाळी मागेपुढे होते, अंगातून गरम वाफा येतात, झोप उडते. अधिक बाजूला हे हळूहळू ओसरते. पण हाडे भराभर विरळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि याची बाहेरून काहीच खूण नसते.

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमिराती स्त्रियांच्या पाहणीत हे वय साधारण अठ्ठेचाळीस निघाले. भारतात ते सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळीस. म्हणजे मुलांची दहावी-बारावी आणि आपली नोकरी ऐन भरात असतानाच. त्यात एसी घरातून एसी गाडीत जाणाऱ्या आपल्याला इतक्या उन्हाच्या देशातही 'ड' जीवनसत्त्व कमी पडते.

म्हणून मैत्रिणींनो, एकच सांगते. वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसले, तर "सुट्टीत भारतात गेल्यावर दाखवू" म्हणू नका. त्याच आठवड्यात इथल्या डॉक्टरांकडे जा.