स्ट्रिमव्हेलिस

एडीए-एससीआयडी या जन्मजात रोगावरील जनुकोपचार. युरोपीय संघाची मान्यता 2016. या रोगात 20व्या गुणसूत्रावरील एका जनुकातील दोषामुळे ॲडिनोसीन डीअमिनेज हे विकर तयार होत नाही. विषारी द्रव्ये साचून लसीका पेशी मरतात आणि साधा संसर्गही तान्ह्या मुलाच्या जिवावर बेततो. जुळणाऱ्या भावंडाची अस्थिमज्जा मिळाली तर प्रत्यारोपण करता येते. पण असे भावंड प्रत्येकाला नसते. हा उपचार अशाच मुलांसाठी आहे.

मुलाच्याच अस्थिमज्जेतील मूलपेशी काढून, विषाणूच्या साहाय्याने त्यांत निर्दोष जनुक घालतात आणि त्या शिरेवाटे परत देतात. संशोधन मिलानमधील सान राफाएल रुग्णालयाच्या आवारातील संस्थेत झाले. त्याला पैसा पुरवणारी तेलेथॉन ही धर्मादाय संस्था दूरचित्रवाणीवरून सामान्य इटालियन लोकांकडून देणग्या गोळा करते. मान्यतेसाठी अभ्यासलेली 18ही मुले जिवंत होती. जनुकोपचाराच्या इतिहासात एवढे निर्मळ यश विरळा. पुढे 2020 मध्ये उपचार घेतलेल्या एका रुग्णाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे जाहीर झाले, त्यामुळे दीर्घकाळ देखरेख ठेवावी लागते.

2016 मध्ये किंमत 5 लाख 94 हजार युरो ठरली. तयार पेशी सहा तासांतच द्याव्या लागत, म्हणून परदेशातील मुलांनाही आईबापांसह मिलान गाठावे लागे. युरोपात वर्षाला जेमतेम 15 मुले या रोगासह जन्मतात. एवढ्या थोड्या रुग्णांवर कारखाना, तपासण्या आणि परवाने यांचा खर्च भागत नाही. उपचार बाजारात आणणाऱ्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीने 2018 मध्ये तो ऑर्चर्ड कंपनीकडे सोपवला. ऑर्चर्डनेही 2022 मध्ये त्यातून अंग काढून घेण्याचे जाहीर केले. औषध गुणकारी, रोगी हयात, तरी ते बंद पडण्याची वेळ आली, हे बाजाराचे सरळ अपयश आहे. अखेर 2023 मध्ये खुद्द तेलेथॉननेच विक्रीपरवाना आपल्याकडे घेतला. एखादा जनुकोपचार रुग्णांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी धर्मादाय संस्थेने उचलणे ही अपूर्व घटना होती. मात्र देणग्यांवर असे किती उपचार तगवता येतील, हा प्रश्न सरकारांनी आपल्या अंगावर घ्यायला हवा.

भारतात सरकारी मदतही अपुरी पडेल: 2021च्या दुर्मिळ आजार धोरणात एका रुग्णासाठी मदतीची कमाल मर्यादा 50 लाख रुपये आहे. या उपचाराची किंमत तिच्या दहापटीहून जास्त भरते.